वेल्डर घडवताना

आमच्या आयटीआयच्या स्टाफरूममध्ये चार मास्तर बसले की किस्से निघतातच. इथं लोखंड कमी पडतं, किस्से नाही. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याला मी बावीस वर्षं वेल्डिंग शिकवतोय. पूर्वी हे सगळं हसून सांगायचो, आता हसू येत नाही.

*

मागच्या वर्षी वेल्डिंगचे रॉडच आले नाहीत. मग पोरांना रिकामा होल्डर धरून नुसता हात फिरवायला लावला. एकानं तोंडानं चर्रर्र आवाज काढला, मग सगळ्या वर्गानं. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. दाराबाहेरूनच म्हणाले, "वा, प्रॅक्टिकल जोरात आहे!" आणि तसा शेरा लिहून गेले.

*

उमरीचे एक पालक ॲडमिशनला आले. मी तासभर ट्रेडची माहिती दिली. शेवटी त्यांनी मुलाला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, तुमचं पोरगं काय शिकून राहिलंय?"

मी खरं ते सांगितलं. लातूरला, नीटच्या क्लासला. ते उठले आणि नमस्कार करून गेले.

*

रेणापूरचा बसवराज हा माझ्याकडचा सगळ्यात चांगला हात. त्याला वेल्डरच व्हायचं होतं. पुण्याकडची एक कंपनी भरतीला आली, तेव्हा तिच्या साहेबांनी वर्कशॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बारा तास उभं राहता येईल का, एवढंच विचारलं. बसवराजला घेतलं, पण खोकी चिकटवायला. कायम करावं लागू नये म्हणून सात महिन्यांनी ब्रेक देऊन घरी पाठवलं.

*

मग लातूरच्या एका वर्कशॉपवाल्यानं त्याला अनुभव मागितला. तो कुठून आणायचा, म्हणून त्यानं मला फोन केला. मी म्हणालो, "बघतो." माझ्या हातात काही नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मला फार लाज वाटली.

*

आमच्याकडे परीक्षा झाली की जोडलेल्या प्लेटा पुन्हा कापायच्या आणि पुढच्या बॅचला द्यायच्या, अशी रीत आहे. बसवराजच्या मात्र मला कापवल्या नाहीत. त्या कपाटात ठेवल्या होत्या. परवा तो मूळ प्रमाणपत्र न्यायला आला. लातूरला एका नीटच्या क्लासच्या गेटवर तो वॉचमन लागला होता, तिथं कागद मागत होते.

नवी बॅच उभी होती, तिघांत एक प्लेट. मी हौसेनं त्याचा जोड बाहेर काढला आणि पोरांना म्हणालो, "बघा, वेल्डिंग असं असतं."

बसवराजनं तो हातात घेतला, जोडावरून अंगठा फिरवला. मग ग्राइंडर उचलून बरोबर तिथंच कापला आणि दोन्ही प्लेटा समोरच्या पोरांना दिल्या.

"लई दिवस अडवून ठिवल्या सर तुमी," तो म्हणाला. "पोरायला कमी पडून राहिल्यात."