हार घातलेलं मशीन

खरा कारागीर हत्यारांवाचून अडत नाही. हे वाक्य मी आजवर फक्त अशा लोकांच्या तोंडून ऐकलंय, ज्यांच्या कपाटात हत्यारं असतात आणि किल्ली त्यांच्याच खिशात.

संपानंतर पंधरा-सोळा वर्षांनी परळच्या एका बंद गिरणीच्या आवारातल्या कॉम्प्युटर केंद्रात मी नोकरीला लागलो. बाबा त्याच गिरणीत साच्यांवर कापड विणायचे, कायम कामगार म्हणून. मी तिथे प्रोग्राम लिहायचो, तात्पुरता म्हणून. गिरणीच्या भाषेत बदली. साहेबांनी शब्द दिला होता : माझगावच्या गिऱ्हाइकाकडे लायब्ररी चालली की तू कायम.

लायब्ररी म्हणजे चार प्रोग्रामांनी मिळून वापरायची कोडची फाइल, चाळीतल्या सामाईक नळासारखी. ती बनवायचं विकतचं सॉफ्टवेअर, म्हणजे पूर्ण पॅकेज, ऑफिसात एकाच मशीनवर होतं, आणि ते मशीन आल्या-गेल्याला दाखवायला काचेच्या केबिनमध्ये. गिऱ्हाइकाकडे जायच्या दोन दिवस आधी मी ते मागितलं. नेमकी खंडेनवमी. मशीनला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू.

"पूजेतली वस्तू आहे रे. हार सुकेपर्यंत हात नाही लावायचा," साहेब म्हणाले. "आणि तुला कशाला लागतं पॅकेज? तू कारागीर माणूस!"

घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "साच्याक हार आमी पण घातलो. पण दुसऱ्या दिवशी काढून साचो चालू केलो. तुझो सायब काय हार सुकाची वाट बगता?"

दसऱ्याला लोक सोनं वाटत होते. मी ऑफिसातल्या जुन्या मशीनवर बसलो. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीत एक फुकट कंपायलर होता, लिहिलेला कोड मशीनला कळेलसा करून देणारा. बटणं नाहीत, मेनू नाहीत, नुसता काळा पडदा. कोड नोटपॅडमध्ये लिहायचा, मग कुठली फाइल कुठे आहे ते सगळं एका लांबलचक ओळीत हाताने टाइप करायचं. एक फोल्डर चुकला की पडदाभर शिव्या. शेवटी त्या सगळ्या ओळी एका बॅच फाइलमध्ये भरल्या, म्हणजे एका हुकमात ओळीने आपोआप चालतील. संध्याकाळपर्यंत लायब्ररी तयार झाली.

माझगावला ती पहिल्या फटक्यात चालली. "आमच्या केंद्रात, पूर्ण पॅकेजवर बनवलीय," साहेब गिऱ्हाइकाला सांगत होते. मी शेजारीच उभा होतो. मान हलवली.

पुढच्या आठवड्यात कायम जागेची जाहिरात निघाली. अट : पूर्ण पॅकेजवर दोन वर्षं काम केल्याचा अनुभव. मी केबिनमध्ये गेलो.

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता ना. पण नियम म्हणजे नियम. तू पॅकेजवर काम केलंयस का? खरं सांग."

खरं सांगितलं.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याला माझी बॅच फाइल समजावून द्यायला मला तीन महिन्यांची मुदतवाढ देण्यात आली.