फणसाखालची हाक
पिकलेल्या फणसाचा वास आला की मी अजून जागीच थबकते. धाकट्या बहिणीला खानापूरच्या जंगलातल्या एका वाडीत दिलीय. तिला भेटून परतताना मला बसच्या रस्त्यापर्यंत पोचवायला तिचे सासरे निघाले. झाडीतल्या त्या पायवाटेनं जाताना दर वळणाआधी मोठ्यानं हाक घालायची तिथली रीत, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होतं. नेमका सासऱ्यांचा घसा बसलेला. "आज तूच हाका घाल पोरी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. मी वडगावची, विणकराच्या घरातली. यंत्रमागांच्या खडखडाटात आमच्याकडं ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकूच जात नसे. दोन वळणं मी ऐटीत ओरडले. तिसऱ्याला हाक घालायच्या आतच फणसाचा दाट वास आला, आणि झाडाखाली गरे ओरपणारं ते काळं धूड आमच्या पावलांच्या आवाजानं मागच्या पायांवर उभं राहिलं. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. सासऱ्यांनी माझं मनगट गच्च धरलं आणि कानाशी पुटपुटले, "डोळं मीट. तू घरात हायस, माग चालू हायत. आईला हाक मार." मी डोळे मिटून जीव खाऊन ओरडले, "आई, च्या ठेव गं!" पाचोळ्यातला धडधडाट उताराकडं गेला आणि विरला; डोळे उघडले तर अस्वल पळालेलं. यंदा आमचे माग विकले. घरात आता कुजबुजलेलंही ऐकू येतं. तरी चहा हवा असला की मी तशीच ओरडते, आणि हातभर अंतरावर बसलेली आई तेवढ्याच जोरानं ओरडते, "ठेवलाय गं!"