जॅझ लिहायचं राहिलं

“आधी अर्थ सांगा, मग रंग लावतो.”

नांदूरघाटच्या बाजारात कुणीही पाटी रंगवून घ्यायला आलं की आमचा पेंटर पहिल्यांदा हे ऐकवायचा. तुम्ही म्हणाल, पेंटरचं काम अक्षरांशी, त्याला अर्थाशी काय देणंघेणं? मीही तेच म्हणायचो. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे त्याचा ताप सगळ्यात जास्त मलाच. ‘अ‍ॅग्रो’, ‘एंटरप्रायजेस’, काहीही असो, चिठ्ठी घेऊन तो थेट वर्गाच्या दारात. ‘युनिसेक्स सलून’चा अर्थ त्याने भर सातवीच्या वर्गात विचारला, तेव्हा मी त्याला हाताला धरून चिंचेखाली नेलं.

या खोडीला कारण होतं. उमेदीच्या काळात त्याने शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची यादी रंगवली. बऱ्याच नावांआधी ‘कै.’ होतं. मोठ्या माणसांना असं लावतात, असं त्याला वाटलं. म्हणून ज्या एका पाटलांच्या नावाआधी ते नव्हतं, त्यांनाही त्याने मानाने लावून टाकलं. पाटील धडधाकट होते. यादी वाचून ते पोट धरून हसले आणि महिन्याभरात खरंच गेले.

“वय झालं होतं त्यांचं,” मी समजावायचो.

“वय झालतं, सर. पर लिवलं तर मीच की.”

पुढे फ्लेक्स आले आणि त्याचं काम आटलं. सहा-सहा महिने पाटी मिळेना. अशात लग्नसराईच्या तोंडावर त्याचा बालमित्र, गावातला बँडवाला, मोठा ढोल घेऊन आला. त्यावर मोर, कमळं, देवीचं नाव आणि खाली ‘जॅझ बँड’ एवढं काढायचं होतं. पेंटर हरखला. चार दिवसांत मोर असा उतरला की येणारे-जाणारे थांबून बघायचे. ‘जॅझ’ची जागा तेवढी कोरी ठेवून तो माझ्याकडे आला.

“दोस्ताला इचारलं. म्हणतो, वाजवायचं असतंय, अर्थ कशाला पायजे बे. आता तुमीच सांगा.”

मला सांगता येईना. आठ दिवस मागून घेतले, वाचलं, शोधलं. मग मास्तरकी अंगात आली आणि मी त्याला सगळंच सांगितलं. शब्द अमेरिकेतला. आला कुठून, हे खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. आधी तो बेसबॉलच्या बातम्यांत जोम, हुरूप अशा अर्थाने छापून यायचा, मग त्या संगीताला चिकटला. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पुढे म्हणालो, काहींच्या मते तो वंगाळ शब्द होता, ते संगीत वाजवणाऱ्यांतल्या काहींनाही तो आवडायचा नाही.

त्याने विचारलं, “देवीच्या नावाखाली?”

“अहो पेंटर, हुरूप हाही अर्थ आहेच की.”

“मंग खरा कोणता?”

“नक्की कुणालाच माहीत नाही.”

“मंग मला न्हाई लिवता यायचं, सर.”

बँडवाल्याने विनवलं, मग तो चिडला. “नुसतं बँड लिवलं तर डीजेपुढं आमाला कोण बोलवील बे?” त्याचंही खोटं नव्हतं. दोघांच्या मध्ये मी नुसता उभा होतो. शेवटी ढोल तालुक्याला, केजला गेला आणि देवीचं नाव, मोर सगळं झाकून त्यावर ‘जॅझ बँड’चा फ्लेक्स ताणून बसवला गेला.

पहिली वरात दुकानावरून गेली, ती पेंटरने उभं राहून पाहिली. त्यानंतर त्याने दुकान उघडलं नाही. तो लेकीकडे धारूरला गेला.

मला राहवलं नाही. धारूरला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला खोटं सांगितलं. “पेंटर, मी पुन्हा वाचलं. आता सगळ्यांचं एकमत झालंय. हुरूप. दुसरा अर्थच नाही.”

“आता कशापायी सांगता, सर?”

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. लेकीने चहा आणला, आम्ही तो प्यायलो. ती आमची शेवटची भेट, दिवाळीआधीच तो गेला. त्या भेटीत मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळून हातांकडे बघत होतो. इतक्या वर्षांत त्याची नखं मी पहिल्यांदाच स्वच्छ पाहिली.