घारींचा सदका

पेणची फरझाना विमानात केबिन क्रू. नैरोबीत मुक्काम पडला की सोबतच्या पोरी बाजारात पळत, आणि ही धावपट्टीलगतच्या हॉटेलच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन पक्षी बघत बसे.

या खेपेला आईचा फोन आला. "वाईट सपान पडलाय गो. घारींना सदका घाल, मगच विमानात चढ."

घारींना मटण घालूनच घरातली बला टळते, हे फरझाना लहानपणापासून बघत आलेली. तिने तीन दिवस गच्चीवरून तुकडे उडवले. आधी चारच घारी आल्या. तिसऱ्या दिवशी घारींनी आभाळ काळं झालं. तुटक्या शेपटीची एक तर तिला ओळखायलाच लागली.

चौथ्या सकाळी विमान धावपट्टीवर सुसाट सुटलं. फरझानाने खिडकीतून पाहिलं. गच्चीवर कुणी नव्हतं, म्हणून भुकेल्या घारी कुंपण ओलांडून विमानाच्या वाटेवरच उतरत होत्या. सर्वांत पुढे तुटकी शेपटी.