पुलापाशी तुटलेली हकीकत

लालमो संशयी बाई, हे आमच्या खिनोव गावात शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. शेजारणीने दूध दिलं तर ही आधी वास घेणार, मग भांडं उजेडात धरणार, मग विचारणार, "आज कसं काय बाई आठवण झाली?" पाहुणा आला तर त्याच्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघणार. माती कुठल्या वाटेची लागली आहे ते बघायला! लोक हसायचे. हसू देत. पण ती जन्मापासून तशी नव्हती. तिचा नवरा दोदिखुदो गेला आणि तिच्या डोक्यात किडा शिरला. त्या किड्याचं नाव कदमशो.

कदमशो म्हणजे दोदिखुदोचा लहानपणापासूनचा मित्र. दोघं जिल्ह्याच्या बाजारात लोकर विकायला गेले आणि परत एकटा कदमशो आला. वाटेत नदीवरचा पूल चिखलाच्या लोंढ्याने नेला होता, आणि पुलाबरोबर दोदिखुदोला. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही.

आता आमची भाषा. सगळी मिळून चार गावं ती बोलतात, पाचव्या गावात गेलात की तुम्ही मुके. पण या एवढ्याशा भाषेत खोटं पचवणं फार कठीण. स्वतः डोळ्यांनी बघितलेलं सांगायचं तर मागचं पाऊल धरूनच पुढचं टाकायचं. "ओढ्यावर गेलो. ओढ्यावर गेलो तर गाय दिसली. गाय दिसली तशी तिला हाकलली." आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक पावलाला "हं" म्हणायचं. "हं" आलं नाही की सांगणारा थांबतो. ऐकीव गोष्ट असेल तर मारा हव्या तितक्या उड्या, कोणी विचारत नाही. मेंढ्यांची भांडणंसुद्धा आमच्याकडे अशीच मिटतात. दोघांनाही बसवून सांगायला लावायचं, आणि ज्याची साखळी तुटते तो गुपचूप मेंढी आणून देतो.

आणि कोणी बाहेर मेलं, तर ज्याने त्याला शेवटचं बघितलं त्याने दरवर्षी त्या दिवशी त्या घरी यायचं, खांबाशी बसायचं आणि सगळं पुन्हा सांगायचं. घरचे "पुरे" म्हणेपर्यंत. लोक तीन वर्षांत "पुरे, बाबा" म्हणतात. लालमोने अकरा वर्षं म्हटलं नव्हतं.

दरवर्षी कदमशो यायचा. टोपी सारखी करायचा, खांबाशी बसायचा आणि सुरू करायचा.

"बाजारातून निघालो."

"हं."

"निघालो तर ऊन चढलं होतं. ऊन चढलं म्हणून झऱ्यापाशी बसलो."

"हं."

"बसलो तसे दोघांनी तुती खाल्ल्या. तुती खाऊन उठलो. उठून पुलाशी आलो."

"हं."

"वरून लोंढा आला. मी अलीकडे होतो. तो पलीकडच्या टोकाशी होता."

इथे लालमोच्या मनात पाल चुकचुकायची. पुलाशी आलो, मग? एकत्र चालणाऱ्या दोन माणसांत एक अलीकडे आणि एक पलीकडे, हे कसं? तू आधी पळालास? त्याला ढकललंस? तो हाक मारत होता आणि तू मागे वळून बघितलं नाहीस? ती विचारायची, "पुलाशी आलात. आल्यावर काय केलंत?" कदमशो टोपी सारखी करायचा. मग उठून जायचा. गावातल्या म्हाताऱ्यांनी लालमोला समजावलं, "अगं, माणूस घाबरला होता, तुटते हकीकत. सोड आता." ती म्हणायची, "तुमचा नवरा गेलाय का? मग गप्प बसा."

यंदाच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. कदमशोच्या मुलाने त्याला कायमचं रशियात बोलावून घेतलं, म्हणजे यंदाची हकीकत शेवटची. आणि राजधानीहून फरंगीस नावाची एक बाई आली, लोक आमच्या भाषेत कसं सांगतात ते टिपायला. हातात आवाज टिपणारं काडेपेटीएवढं यंत्र, गळ्यात चष्मा.

लालमोने तिला आठवडाभर उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "आमचे शब्द नेऊन करणार काय तू? लोणचं घालणार?"

"जपून ठेवणार, मावशी."

"आम्ही मेलोय का, तू जपायला?"

फरंगीस हसायची आणि बाहेरच बसून राहायची. शेवटी लालमोच्याच मनात आलं, की यंत्र विसरत नाही, यंत्राला दया येत नाही. तिने फरंगीसला आत बोलावलं, मीठ घातलेला दुधाचा चहा दिला, वर लोण्याचा गोळा टाकला आणि म्हणाली, "परवा एक माणूस येईल. त्याचं टिपून घे. एक शब्द सुटता कामा नये."

कदमशो आला, बसला, सांगितलं. तीच झऱ्याची जागा, त्याच तुती, आणि पुलापाशी तीच उडी. लालमोने या वेळी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फरंगीस यंत्र कानाशी धरून बसली होती. लालमो समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

"मावशी, मी चाळीस माणसांचं टिपलंय. ज्याने बघितलंय तो मागचं सोडत नाही. रडला तरी सोडत नाही, खोकला आला तरी पुन्हा मागून धरतो. या माणसाने तर सगळं बघितलंय. मग हा इथे का सोडतो?"

"आई गं!" लालमोने कपाळावर हात मारला. "अकरा वर्षं! अकरा वर्षं मला वेडी म्हणाले! ऊठ. ते यंत्र घे आणि चल माझ्याबरोबर."

कदमशो अंगणात गाठोडी बांधत होता. लालमोला बघून त्याने दोरी खाली ठेवली.

"बस," ती म्हणाली.

"वहिनी, काल सांगितलं ना."

"काल उडी मारलीस. या परक्या पोरीलासुद्धा कळली. माझ्या नवऱ्याला मारलंस की नाही, एवढं सांग आणि जा कुठे जायचं ते. रशियात जा नाहीतर खड्ड्यात जा."

कदमशोने गाठोडं बाजूला सरकवलं. मग फरंगीसला म्हणाला, "ते बंद कर, बाई." तिने यंत्र बंद केलं आणि अंगणाबाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिली.

"नको विचारूस, वहिनी. मी तुझ्या पाया पडतो."

"सांग!"

कदमशो गाठोड्यावर बसला. "उठून पुलाशी आलो."

"हं."

"पुलाशी आलो तसे पूल ओलांडला. दोघांनी ओलांडला, बरोबर."

लालमोच्या भुवया वर गेल्या. "हं."

"पूल ओलांडला तसा दोदिखुदोने खिसा चाचपला. खिसा चाचपला तर पुडी नव्हती. पुडी झऱ्यापाशी दगडावर राहिली होती."

"कसली पुडी?"

"शिवणयंत्राच्या सुयांची."

लालमो तिथेच जमिनीवर बसली. तिच्या बहिणीचं लग्न होतं त्या आठवड्यात. शिवणयंत्राची सुई मोडली होती, अंगरखा अर्धाच शिवून पडला होता, आणि नवरा बाजाराला निघाला त्या सकाळी ती सगळ्या घरावर खेकसत होती. दारातून ती काय ओरडली होती, ते तिला आत्ता, या अंगणात, शब्दन् शब्द ऐकू आलं. 'सुया विसरलास तर घरी येऊच नकोस.'

कदमशो थांबला होता. "हं" आल्याशिवाय तो पुढे जाणार नव्हता. रीतच होती ती. आणि लालमोला कळून चुकलं होतं, पुढचं पाऊल कुठे पडणार ते. ती उठून घरी जाऊ शकत होती. तिने ओढणीचं टोक मुठीत आवळलं.

"हं," ती म्हणाली.

"पुडी राहिली तसा तो मागे वळला. मी म्हटलं, सुयाच तर आहेत, राहू दे. राहू दे म्हटलं तर हसला. म्हणाला, तू लालमोला ओळखत नाहीस. हसत हसत पुलावर चढला. पुलावर चढून पलीकडच्या टोकाशी पोचला, तेवढ्यात वरून लोंढा आला."

ती "हं" म्हणाली की नाही, कदमशोला ऐकू आलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"काय सांगू? तुझ्या पदरात दोन लहान मुलं. म्हटलं, माझा संशय येतोय ना, येऊ दे. संशयाने माणूस मरत नाही."

"तुला कोणी सांगितलं होतं रे माझी कीव करायला?" ती ओरडली. "कोण लागतोस तू माझा? अकरा वर्षं शिव्या घातल्या तुला! दिवा लावताना, भाकरी भाजताना, रोज! माझं तोंड का नाही धरलंस?"

कदमशो गाठोड्यावरून उठला. त्याने दोरी उचलली आणि गाठोडं बांधायला लागला.

लालमो घरी आली आणि खांबाशी बसली. तिला दोदिखुदोचं ते हसणं आठवायचं होतं. कसा हसायचा तो? आधी डोळे बारीक व्हायचे की आधी मान हलायची? काही केल्या आठवेना. कदमशोच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ तिला पाठ होती. तो सांगताना टोपी कशी सारखी करतो, कुठल्या शब्दाला आवंढा गिळतो, सगळं पाठ होतं. अकरा वर्षं ती त्याच्याचकडे बघत आली होती, आणि नवऱ्यासाठी एकदाही धड रडली नव्हती. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडायला लागली, आणि संध्याकाळी मुलं शेतातून आली तेव्हाही ती तिथेच बसलेली होती.