हिरव्या बोंडातला तंतू

महिपतीला सोलापुरातल्या एका गिरणीत पगार मिळे तो सूत तोडण्याचा. सुताला वजन टांगायचं आणि ते कितीवर तुटतं हे साहेबाला सांगायचं. मंद्रूपच्या शेतकऱ्याच्या मुलाला याहून सुखाची नोकरी कुठली मिळणार! पण गिरणीत एका परगावच्या मास्तरांचं व्याख्यान झालं. ते म्हणाले, कापसाचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी. बोंड हिरवं असतं तोवर ती जिवंत, बोंड उकललं की मेली. महिपतीच्या डोक्यात किडा शिरला. म्हणजे इतकी वर्षं आपण मढीच ताणत आलो? जिवंत पेशी किती भार सोसते, ते कळायलाच हवं.

त्यानं बांबूच्या कामटीचा चिमुकला तराजू केला. तंतूची दोन्ही टोकं मेणात रोवायची, तो सुकू नये म्हणून पाण्यानं ओला ठेवायचा आणि पारड्यात मोहरीचा एकेक दाणा टाकायचा. सगळं जय्यत तयार. नव्हतं ते फक्त हिरवं बोंड.

मंद्रूपच्या शेतात बोंडं लगडली होती; पण त्याची बायको बजाबाई पोटुशी होती, आणि घरात कुणी पोटुशी असताना कच्चं बोंड फोडायचं नाही, हा त्याच्या आईचा, गोजरबाईचा दंडक. बजाबाईचं पहिलं मूल गेलेलं. तरी तीच म्हणे, फोडा की एखादं. महिपतीनं मन मारलं. मूल सुखरूप झालं, तोवर कापूस वेचून झाला होता. पुढच्या मोसमात भावजय पोटुशी, त्याच्या पुढच्या मोसमात पुन्हा बजाबाई. गिरणीतले सोबती चिडवत, तुझ्या घरचा पाळणा थांबेल तेव्हाच तुझा तराजू हलायचा. तोही हसे.

त्या खेपेला बजाबाई बाळंतपणात गेली. मूलही गेलं. महिपतीला आईचा राग आला, बोंडांचा आला, आणि मुकाट्यानं ऐकत राहिलेल्या स्वतःचा सगळ्यांत जास्त.

तेरावं झाल्यावर गोजरबाई शेतात जाऊन आली. पदरातलं हिरवं बोंड तिनं तराजूपाशी ठेवलं.

"फोड," ती म्हणाली. "आता कुणाला जपायचं हाय?"

महिपतीनं बोंड चिरलं, ओला तंतू अलगद सोडवला आणि टांगला. मोहऱ्या पडत गेल्या. तंतू ताणला गेला, पण तुटला नाही. गोजरबाई शेजारी बसून बघत होती.

"आपन तर एकबी फोडलं न्हाय," ती म्हणाली. "तरी ती कशी गेली रं?"

 महिपतीनं पुढचा दाणा टाकला आणि तंतू तुटला. दाणे मोजायचे राहूनच गेले होते.