ताईंचा मंगळवारचा तास

ताई बावीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. परीक्षानळ्या घासायच्या, बर्नर नीट पेटतात का ते बघायचं, क्षारांच्या बाटल्या ओळीनं लावायच्या. मुलं पाठीमागे त्यांना लिटमस म्हणत, कारण राग आला की त्यांचा चेहरा क्षणात लाल होई. ताईंना ते माहीत होतं.

बारावीनंतर याच कॉलेजच्या प्रवेशयादीत त्यांचंही नाव लागलं होतं. पण त्याच आठवड्यात त्यांची आई अंथरुणाला खिळली. धाकटा भाऊ शाळेत होता. घर कोण बघणार? पुढे काही वर्षांनी इथेच नोकरी लागली तेव्हा शेजारीण म्हणाली, "बघ, शेवटी गेलीसच की कॉलेजात!" ताई हसल्या खऱ्या, पण ते वाक्य त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

म्हणून लेक विज्ञान घेऊन बारावी झाली तेव्हा ताईंनी अर्ज आणून ठेवला. लेकीनं त्याला हातही लावला नाही.

"मी मामाबरोबर जाणार," ती म्हणाली.

मामा म्हणजे ताईंचा तोच धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सुट्टीत गंमत म्हणून त्याच्याबरोबर गेलेली भाची आता हातावरचं काळं ग्रीस कौतुकानं मिरवत होती.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ताई म्हणाल्या.

"आई, परवा दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत एक आजी रडत होत्या. मामानं सांगितलं तसं मी एकटीनं ती खाली आणली. आजींनी माझा हात कितीतरी वेळ सोडला नाही. आणि तुमच्या कॉलेजातून पदवी घेतलेला आपल्या गल्लीतला तो उंच दादा? कुरिअरची पाकिटं वाटतोय. तू रोज कॉलेजात जातेस ना? मग सांग, तिथे मिळतं तरी काय?"

ताई रोज तिथे जात होत्या, पण वर्गात कधीच बसल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, हातातलं काम उरकून त्या रसायनशास्त्राच्या सरांसमोर उभ्या राहिल्या. "सर, तुमच्या तासाला मागे बसू का?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बसा की. निदान एक जण तरी ऐकेल."

सर म्हणाले ते काही खोटं नव्हतं. शेजारची मुलगी हातावर डोकं ठेवून झोपली होती आणि पुढचे दोघं मोबाईलमध्ये गढले होते. सर त्या दिवशी ज्योतीच्या रंगांबद्दल सांगत होते. तांब्याच्या क्षारानं ज्योत हिरवी होते, हे ताईंनी हजारदा पाहिलेलं. पण का होते, ते आज कळलं. अणूतले इलेक्ट्रॉन उष्णतेनं वरच्या पायरीवर चढतात आणि खाली येताना घेतलेली ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतात. ताईंच्या अंगावर काटा आला. बावीस वर्षं हे गुपित त्यांच्या नाकासमोर जळत होतं!

संध्याकाळी घरी येताच त्यांनी गॅस पेटवला आणि चिमूटभर मीठ ज्योतीवर सोडलं. ज्योत भस्सकन पिवळी झाली. मग त्या सांगत सुटल्या. पायऱ्या, चढणं, उतरणं, सगळं हातवारे करून. शेजारच्या शेगडीवर ठेवलेली भाजी करपली तरी त्यांना भान नव्हतं.

लेक ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, कॉलेज तुला हवंय गं. मला नकोय."

ताईंचे हात हवेतच थांबले. मग त्यांनी करपलेल्या भाजीखालचा गॅस बंद केला. रागावायला काही जागाच उरली नव्हती.

लेक मामाबरोबर कामाला जाऊ लागली, आणि ताई बाहेरून परीक्षा देता येते का ते विचारायला कार्यालयात गेल्या. कारकून म्हणाला, "कला शाखेचं जमेल. विज्ञानाला नियमित प्रवेश लागतो, प्रात्यक्षिकं असतात ना!"

"प्रात्यक्षिकांची मांडणी मीच करते," ताई म्हणाल्या.

"ते खरं हो ताई. पण नियम." तो ओशाळून हसला. नोकरी सोडून प्रवेश घेणं त्यांना शक्य नव्हतं. आणि कला शाखेचा अर्ज घ्यावा, असं काही वाटेना.

तेव्हापासून दर मंगळवारी त्या शेवटच्या बाकावर बसतात. एक वही केली आहे, तिला खाकी कव्हर घातलंय. सर हजेरी घेतात, क्रमांकामागून क्रमांक जातात, मुलं "हजर" म्हणत राहतात. ताईंना क्रमांक नाही. तरी हजेरी संपेपर्यंत त्या पाठ ताठ ठेवून बसतात, आणि सर खडू उचलतात तेव्हाच पेनाचं टोपण काढतात.